बाप्तिस्मा

ख्रिस्ती धर्मातील प्रवेशसंस्कार. पाण्यात बुडवून, डोक्यावर पाणी ओतून अथवा शिंपडून तो ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ दिला जातो (मत्तय २८:१९). मराठीत प्रॉटेस्टंट पंथीय ‘बाप्तिस्मा’ म्हणतात, कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ रूढ आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे. कापड रंगवण्यासाठी वापरले जाणारे क्रियापदही त्याच कुळातले.

संस्काराच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ज्यूंमध्ये शुद्धिस्नानाची चाल जुनी असून मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील उत्खननात पायऱ्यांची कुंडे सापडली आहेत. पण ते स्नान वारंवार केले जाई आणि ज्याचे तो करी. यार्देन नदीत संदेष्टा योहान देत असलेला बाप्तिस्मा मात्र दुसऱ्याच्या हातून घ्यायचा होता आणि बहुधा एकदाच. ज्यू धर्म स्वीकारणाऱ्यांच्या स्नानातून ही प्रथा निघाली, असे पूर्वीचे अभ्यासक मानीत. त्या स्नानाचे स्पष्ट पुरावे पहिल्या शतकाच्या अखेरचे किंवा त्यानंतरचे असल्याने हे मत आता सावधपणेच घ्यावे लागते. खुद्द येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, याबद्दल मात्र अभ्यासकांत फारसा वाद नाही.

या संस्काराचा गाभा प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. पापक्षमा, पवित्र आत्म्याचे दान व मंडळीत समावेश हे अर्थही नव्या करारात आहेत. पण मरण आणि पुनरुत्थान ही कल्पना हाती धरल्याशिवाय श्रद्धावंताला हा दिवस जन्मदिवसाइतका मोलाचा का वाटतो ते उमगत नाही. मरण एकदाच येते, म्हणून बाप्तिस्माही एकदाच.

विधीचे सर्वांत जुने तपशील ‘डिडाखे’ या लहानशा आरंभकालीन ख्रिस्ती ग्रंथात मिळतात. त्याचा काळ सामान्यतः पहिल्या शतकाची अखेर ते दुसऱ्याचा आरंभ असा धरतात. वाहते पाणी घ्यावे. ते नसेल तर दुसरे. थंड नसेल तर कोमट. दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. बुडवणे की ओतणे, या पुढच्या वादाला ही सूचना जुने आणि समंजस उत्तर देते. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात (कर्तृत्व व काळ वादग्रस्त, बहुधा अनेक थरांची रचना) कोंबडा आरवताच पाण्यावर प्रार्थना होते, स्त्रिया केस मोकळे सोडून दागिने उतरवतात आणि आधी मुलांना पाण्यात नेतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने आईवडील उत्तर देतात.

बालबाप्तिस्म्याचा प्रश्न इथेच उभा राहतो. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुदिया नावाच्या स्त्रीचा ‘घराण्यासह’ बाप्तिस्मा झाल्याचे म्हटले आहे, पण घरात लहान मुले होती की नाही ते सांगितलेले नाही. इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनने मुलांना बाप्तिस्मा देण्याची घाई करू नये असे लिहिले. त्याचा विरोधच ही प्रथा तेव्हा चालू असल्याची साक्ष देतो. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिगेन तिला प्रेषितांपासूनची परंपरा म्हणतो. विसाव्या शतकात अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी ओरिगेनच्या बाजूने, तर कुर्ट आलांट यांनी विरुद्ध पुरावे मांडले. मृत्युशय्येवरील मुलांना तातडीने बाप्तिस्मा देण्यातून प्रथा वाढली, हे नंतरचे मत तिसऱ्या शतकातील बालकांच्या समाधिलेखांशी अधिक जुळते. याउलट प्रौढांत तो लांबणीवर टाकण्याचीही रीत होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी बाप्तिस्मा घेतला.

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये बालपणी बाप्तिस्मा झालेल्या काही जणांनी जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. विरोधकांनी त्यांना ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ म्हटले. त्यांच्या मते मात्र तोच पहिला होता. त्यांच्यातील फेलिक्स मान्त्स याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. बाप्तिस्म्याच्या पाण्यावरून पाण्यातच दिलेली ही शिक्षा ख्रिस्ती इतिहासातला फार वेदनादायक प्रसंग आहे.

आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन व अँग्लिकन मंडळ्या बालकांनाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट व पेंटेकोस्टल मंडळ्या विश्वास कबूल केल्यावरच. ऑर्थोडॉक्स परंपरेत तान्ह्या बाळालाही तीनदा पाण्यात बुडवून लगेच पवित्र तेलाचा अभिषेक करतात. प्राण जाण्याची वेळ आल्यास योग्य हेतूने कोणीही, अगदी बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीनेही, तो द्यावा अशी कॅथलिक शिकवण आहे. जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजाने मंडळ्यांना परस्परांचा बाप्तिस्मा मान्य करण्याचे आवाहन केले. क्वेकर व साल्व्हेशन आर्मी हे ख्रिस्ती पंथ जलसंस्कार करीत नाहीत.