घर कोणाच्या नावावर? इंदूरमध्ये प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० साठी अर्ज करताना

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी हा टप्पा लागू झाला. शहरी गरीब व मध्यमवर्गीय अशा एक कोटी कुटुंबांना घर बांधणे, विकत घेणे किंवा परवडणाऱ्या भाड्याने घेणे शक्य व्हावे, हा त्याचा घोषित उद्देश आहे. इंदूरमध्ये अर्जांची छाननी नगर निगमाकडे असते. जुन्या वाड्यांत भाडेकरू म्हणून दोन-तीन पिढ्या काढलेल्या किंवा राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगरच्या आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक जण या योजनेस पात्र ठरू शकतात. मात्र ‘आम्ही गरजू आहोत’ एवढे म्हणून येथे भागत नाही. अर्जदाराचे कुटुंब कोणते, कोणत्या मालमत्तेवर कोणाचे नाव आहे आणि ते नाव सर्व कागदांवर सारखे आहे का, या तीन प्रश्नांवरच बहुतेक अर्जांचे भवितव्य ठरते.

पात्रता

योजनेच्या व्याख्येनुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. एकाच स्वयंपाकघरात जेवणारे विवाहित भाऊ, किंवा आई-वडिलांजवळ राहणारा विवाहित मुलगा, ही या हिशेबात वेगळी कुटुंबे ठरतात. एकत्र कुटुंबाची सवय असलेल्या घरांत अर्ज भरताना पहिला घोळ येथेच होतो. रेशनकार्डावर किंवा समग्र कुटुंब आयडीत (मध्य प्रदेश शासनाने कुटुंबाला दिलेला ओळख क्रमांक) सासू-सासऱ्यांसह सात जणांची नावे असतात आणि उत्पन्न लिहिताना कोणाकोणाचे धरायचे ते कळत नाही. ते वरील व्याख्येत बसणाऱ्या व्यक्तींचेच एकत्रित धरावयाचे असते.

वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, ३ ते ६ लाख असल्यास अल्प उत्पन्न गट आणि ६ ते ९ लाख असल्यास मध्यम उत्पन्न गट, अशी विभागणी आहे. कुटुंबातील कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर असता कामा नये आणि गेल्या वीस वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा. ‘भारतात कोठेही’ या शब्दांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. पुण्यात किंवा नागपूरला पत्नीच्या नावे माहेरकडून आलेला फ्लॅट असेल, तर इंदुरात भाड्याने राहत असूनही ते कुटुंब अपात्र ठरते.

वडिलोपार्जित वाड्यातील न वाटलेल्या हिश्श्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. आजोबांच्या नावचा वाडा, वारस अकरा, प्रत्यक्ष ताबा दोघा काकांचा आणि आपण तिसऱ्या गल्लीत भाड्याने, अशी स्थिती आपल्याकडे दुर्मीळ नाही. अशा अर्जदाराने ‘पक्के घर नाही’ असे बिनदिक्कत लिहून मोकळे होऊ नये. निगमाच्या संपत्तीकराच्या खात्यात किंवा महसुली नोंदीत आपले नाव सहहिस्सेदार म्हणून लागले आहे का, ते आधी पाहावे आणि लागले असल्यास छाननीच्या वेळी वस्तुस्थिती लेखी मांडावी. अर्जासोबत दिलेले घोषणापत्र पुढे खोटे ठरल्यास मिळालेली रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते.

चारांपैकी आपला घटक कोणता

योजनेचे चार घटक आहेत आणि अर्जात त्यांपैकी एकच निवडावा लागतो. निवड चुकल्यास बाकीचा अर्ज बिनचूक असूनही उपयोग होत नाही. म्हणून संगणकापुढे बसण्याआधी हे ठरलेले असावे.

पहिला घटक स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी आहे आणि तो फक्त आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाला खुला आहे. मध्य प्रदेशासाठी यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा किमान एक लाख, असे एकूण अडीच लाख रुपये धरलेले आहेत. घराचे चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर असावे लागते. रक्कम एकदम हाती येत नाही, बांधकाम जसजसे पुढे सरकते तसतशी ती हप्त्यांनी बँक खात्यात जमा होते आणि प्रत्येक टप्प्यावर जागेचे जिओ-टॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, छायाचित्र घेतले जाते. त्यामुळे मंजुरी येण्यापूर्वीच पाया खणून ठेवण्याची घाई करू नये. रिकामी किंवा कच्च्या घराची जागा नोंदली गेल्यावरच कामाला हात घालावा.

या घटकात खरी कसोटी जमिनीच्या कागदाची लागते. स्वतःच्या नावची रजिस्ट्री असेल तर प्रश्नच नाही. भूमिहीनांसाठीच्या १९८४ च्या राज्य कायद्याखाली मिळालेला पट्टा असेल, तर तो मूळ प्रतीसह जवळ ठेवावा आणि त्यावरील नाव व मुदत तपासून घ्यावी. नोटरीच्या कागदावर घेतलेला प्लॉट मात्र अडचणीत आणतो. अनधिकृत वसाहतींत असे व्यवहार सर्रास झालेले आहेत, पण नोंदणी न झालेल्या विक्रीच्या कागदाने मालकी मिळत नाही. संपत्तीकराची पावती हादेखील मालकीचा पुरावा नव्हे. निगम कर घेतो तो कर आकारणीपुरता आणि पावतीवरील नाव कराच्या नोंदीपुरतेच असते. वर्षानुवर्षे पावत्या फाइलला लावून ठेवलेल्या ज्येष्ठांना हे सांगितले की पटत नाही, तरी स्थिती तीच आहे.

प्लॉट वडिलांच्या नावे असून ते हयात नसल्यास आधी वारसांची नोंद, म्हणजे आपण येथे ज्याला फौती नामांतरण म्हणतो ते, करून घ्यावे लागते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. या नोंदीत विवाहित बहिणींची नावे गाळण्याची जुनी रीत अजूनही काही घरांत चालते. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच आहे आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मसिद्ध समान हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मिळालेला आहे. बहिणींना हिस्सा नको असेल तर त्यांनी नोंदणीकृत हक्कत्याग करून द्यावा, आणि हवा असेल तर वाटणी करावी. त्यांना न विचारता काढलेल्या कागदावर घर बांधायला घेणे हे वाद ओढवून घेणेच आहे.

दुसरा घटक भागीदारीतील परवडणाऱ्या घरांचा आहे. निगम, विकास प्राधिकरण किंवा खासगी विकासक बांधत असलेल्या प्रकल्पांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाला ३० ते ४५ चौरस मीटरची सदनिका मिळते आणि शासकीय सहाय्य वजा जाता उरलेली रक्कम लाभार्थीने स्वतः किंवा कर्ज काढून भरायची असते. योजनेच्या पहिल्या टप्प्यात इंदूरच्या कनाडिया एक्स्टेन्शनला ‘लाइट हाउस’ प्रकल्पात प्रीफॅब सँडविच पॅनेल पद्धतीने, म्हणजे आधीच तयार केलेल्या भिंतींचे भाग जोडून, १,०२४ घरे उभी राहिली, ती अनेकांनी पाहिली असतील. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी हा घटक निवडावा. मात्र सदनिका शहराच्या कडेला असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा कामाच्या ठिकाणापर्यंतचा रोजचा प्रवासखर्च मनात धरूनच निर्णय घ्यावा.

तिसरा घटक भाड्याच्या घरांचा आहे. नोकरदार स्त्रिया, स्थलांतरित मजूर, विद्यार्थी यांच्यासाठी तो उपयोगाचा ठरू शकतो, परंतु त्यात घर मालकीचे होत नाही.

चौथा घटक व्याज अनुदानाचा असून पगारदार मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तोच सर्वांत लागू पडणारा आहे, कारण त्यात वार्षिक ९ लाखांपर्यंतचे उत्पन्न चालते. १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर होऊन वितरित झालेले, २५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज असावे, घराची किंमत ३५ लाखांच्या आत असावी आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपेक्षा जास्त नसावे. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, बारा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, ४ टक्के व्याज अनुदान मिळते. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. कर्ज लवकर फेडून टाकण्याच्या आपल्या आवडीला येथे थोडा आवर घालावा लागतो. अनुदानाचा प्रत्येक हप्ता दिला जाण्याच्या वेळी कर्ज चालू असणे आणि मुद्दलाचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक असणे आवश्यक आहे.

स्त्रीचे नाव आणि अग्रक्रम

या योजनेखालील घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे लागते. कुटुंबात प्रौढ स्त्रीच नसेल, तरच ते केवळ पुरुषाच्या नावे होऊ शकते. ‘सध्या माझ्या एकट्याच्या नावे करू, तिचे नाव नंतर घालू’ हा विचार सोडून द्यावा, कारण कर्ज घेतानाच दोघांची नावे आली नाहीत तर पुढे बँकेत आणि निबंधक कार्यालयात दुहेरी काम आणि खर्च लागतो.

विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, तृतीयपंथी व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती व अल्पसंख्याक यांना अग्रक्रम आहे. सफाई कर्मचारी, पथविक्रेते, पीएम विश्वकर्मा योजनेतील कारागीर, अंगणवाडी सेविका, बांधकाम मजूर आणि झोपडपट्टी व चाळींतील रहिवासी यांच्याकडे विशेष लक्ष देण्याचे निर्देश आहेत. इंदूरने २०१७ ते २०२३ या काळात स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळवला, तो पहाटे गाड्यांबरोबर फिरून ओला, सुका, प्लास्टिक, काच असा कचरा वेगळा करून घेणाऱ्या माणसांच्या बळावर. त्यांच्यातील किती जणांची स्वतःची घरे पक्की आहेत, हे त्यांच्या वस्तीत गेल्यावर दिसते. अशा कुटुंबांनी आपले ओळखपत्र किंवा नियुक्तीचा कागद अर्जाच्या वेळी अवश्य जवळ ठेवावा.

दिव्यांगांसाठी २०१६ च्या हक्क कायद्याने गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण ठेवलेले आहे आणि बहुमजली इमारतीत तळमजल्याला त्यांनी व ज्येष्ठांनी प्राधान्य मागावे. दिव्यांगांना त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, लागते. तृतीयपंथी व्यक्तींना जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र उपयोगी पडते. महाराष्ट्रातून लग्न होऊन येथे आलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा राज्यनिहाय ठरतो, त्यामुळे महाराष्ट्राचा जातीचा दाखला येथे आपोआप चालेल असे धरू नये. जात ही पात्रतेची अट नाही, तिचा संबंध फक्त अग्रक्रमाशी आहे. दाखला अडला म्हणून अर्ज अडवून ठेवण्याचे कारण नाही.

कागदपत्रे आणि अर्ज

अर्जदाराचे व कुटुंबातील सर्वांचे आधार, आधारशी जोडलेले चालू बँक खाते व त्याचा आयएफएससी कोड, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला आणि पहिल्या घटकासाठी जमिनीचे कागद, एवढेच मुळात लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोकसेवा केंद्रात अर्ज करता येतो. केंद्राच्या पोर्टलपलीकडे, राज्याच्या बहुतेक कामांत समग्र आयडी विचारला जातो, तोही हाताशी असावा. त्यात कुटुंबाचा क्रमांक आठ अंकी आणि व्यक्तीचा नऊ अंकी असतो.

सर्वांत जास्त अर्ज रेंगाळतात ते नावांपायी. ‘संध्या विनायक पाटणकर’ हे आधारवर, ‘संध्या पाटणकर’ हे पासबुकावर, ‘संध्याबाई’ हे पट्ट्यावर आणि माहेरचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. अर्ज करण्याआधी आधारवरील नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारचा मोबाइल क्रमांक बंद पडला असल्यास तो आधी अद्ययावत करावा, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.

त्यानंतर योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘अप्लाय फॉर पीएमएवाय-यू २.०’ हा पर्याय उघडावा. राज्य, उत्पन्न, घटक, पक्के घर आहे का व पूर्वी लाभ घेतला आहे का, हे प्रश्न आधी विचारले जातात. त्यांतून पात्र ठरल्यावर आधारची पडताळणी होते आणि मग अर्ज खुला होतो. स्वतः जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरमधून किंवा निगमाच्या कार्यालयातून भरून घ्यावा, मात्र उत्पन्नाचा आकडा व घटक स्वतः वाचल्याशिवाय अर्ज सादर होऊ देऊ नये. शेवटी मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवावा, पुढची स्थिती त्यावरूनच पाहता येते.

अर्ज निगमाकडे गेल्यावर प्रत्यक्ष पाहणी होते, मग पात्र नावे प्रकल्प अहवालात जाऊन राज्याच्या समितीकडे व तेथून दिल्लीतील केंद्रीय मंजुरी समितीकडे जातात. व्याज अनुदानाची वाट वेगळी असून ती बँकेमार्फत राष्ट्रीय आवास बँक, हुडको किंवा स्टेट बँक या नोडल संस्थांपर्यंत जाते. या मधल्या काळात ‘यादीत नाव घालून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात. समित्यांच्या मंजुरीवर त्यांचा काही इलाज चालत नाही, त्यांना एक रुपयाही देऊ नये. पाहणीला कोणी आलेच नाही किंवा कारण न कळवता अर्ज फेटाळला गेला, तर आधी विभागीय कार्यालयात लेखी विचारणा करून पोच घ्यावी आणि दाद न लागल्यास मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१ वर अर्ज क्रमांकासह तक्रार नोंदवावी. तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद करण्यासाठी फोन आल्यास, काम प्रत्यक्ष झालेले नसेल तर स्पष्टपणे ‘समाधान झाले नाही’ असे सांगावे, म्हणजे ती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते.