दूरचित्रवाणी सादरीकरणे, ब्रिटिश रॉक बँडची (संग्रह व जतन)

ब्रिटिश रॉक बँडनी साधारणपणे १९६३ ते १९८० या काळात दूरचित्रवाणीसाठी केलेली सादरीकरणे हुडकणे, त्यांच्या प्रतींची पारख करणे व त्या जपून ठेवणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. ध्वनिमुद्रिकेच्या हजारो प्रती निघत. दूरचित्रवाणीवरील सादरीकरणाची बहुधा एकच टेप असे आणि तीही पुष्कळदा पुसली गेली. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर सर्रास झाल्यावर ही टंचाई ओसरली, म्हणून १९८० ही ढोबळ मर्यादा धरतात.

संग्राहकांचे लक्ष प्रामुख्याने ‘रेडी स्टेडी गो!’ (असोसिएटेड-रेडिफ्यूजन, १९६३–६६), ‘टॉप ऑफ द पॉप्स’ (बीबीसी, १ जानेवारी १९६४ पासून) व ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ (बीबीसी २, १९७१ पासून) या कार्यक्रमांवर असते. पैकी पहिला १९६५ मध्ये प्रत्यक्ष गायन-वादनाकडे वळला. दुसऱ्यात आधीच मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्याचीच रीत अधिक, त्यामुळे संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल दुर्मिळतेत आहे. ब्रिटिश बँडची काही उत्तम चित्रणे परदेशात टिकली : जर्मनीतील रेडिओ ब्रेमेनचा ‘बीट-क्लब’ (१९६५–७२), किंवा लेड झेपेलिनचे मार्च १९६९ मधील डॅनिश दूरचित्रवाणीवरील सादरीकरण.

टेप का पुसल्या गेल्या, याबद्दल मतभेद आहेत. रूढ स्पष्टीकरण खर्चाचे आहे : दोन इंच रुंदीची क्वाड्रुप्लेक्स (तेव्हा दूरचित्रवाणी केंद्रांत वापरली जाणारी) व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येई. दुसरे मत कलावंत व वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांवर भर देते. पुनःप्रक्षेपणावर मर्यादा असल्याने जुनी टेप ठेवण्यात लाभ नव्हता. दोन्ही कारणे खरी असली, तरी ती पुरी पडत नाहीत. बीबीसीत फिल्मसाठी ग्रंथालय होते, टेप मात्र अभियांत्रिकी विभागाच्या ताब्यात असत. ‘जतन’ हे कोणाचेच काम नव्हते. टेप व फिल्म यांच्या एकत्रित जतनाची व्यवस्था १९७८ च्या सुमारास लागली आणि त्यानंतरचे भाग बव्हंशी उपलब्ध आहेत, हे पाहता व्यवस्थेच्या अभावाचे कारण अधिक ग्राह्य वाटते. नाट्यमालिकांच्या फिल्म-प्रती परदेशी विक्रीसाठी निघत; दर आठवड्याला शिळ्या होणाऱ्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीवरील कार्यक्रमांना तसे गिऱ्हाईक नव्हते.

टिकलेली प्रत कशावर आहे, हा पारखीचा पहिला प्रश्न. टेलिरेकॉर्डिंगमध्ये मॉनिटरच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्र टिपत. ब्रिटिश चित्रात सेकंदाला ५० क्षेत्रे (प्रत्येक क्षेत्र म्हणजे पूर्ण चित्राच्या निम्म्या ओळी) असत, तर फिल्मवर २५ चौकटी. काही पद्धतींत निम्मी क्षेत्रे गाळलीच जात. गिटारवादकाचा तारांवरचा हात पाहिला की फरक कळतो : टेपवर तो सलग सरकतो, फिल्मवर किंचित तुटक. प्रतीवरून प्रत काढत गेल्यास लाल रंग कडांबाहेर पसरतो व आवाजात खरखर वाढते. म्हणून मूळ टेपवरून थेट काढलेल्या, म्हणजे ‘पहिल्या पिढीच्या’ प्रतीला मान असतो.

हरवलेली चित्रणे अधूनमधून सापडतात. जानेवारी १९७३ मध्ये डेव्हिड बोवीने ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर सादर केलेले ‘द जीन जीनी’ हे गाणे कॅमेरामन जॉन हेन्शॉल यांनी स्वतःसाठी टेपवर उतरवून ठेवले होते. ते २०११ मध्ये उजेडात आले. बीटल्सचे १६ जून १९६६ चे त्याच कार्यक्रमातील सादरीकरण नष्ट झाले होते. घरातील टीव्हीच्या पडद्यावरून ८ मिमी कॅमेऱ्याने टिपलेला त्याचा ११ सेकंदांचा मूक तुकडा २०१९ मध्ये मिळाला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनचे या कार्यक्रमातील पदार्पण (२१ फेब्रुवारी १९७४) हेही पुसल्या गेलेल्यांपैकीच. अशा शोधांच्या प्रदर्शनासाठी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ हा उपक्रम चालवते.

हक्कांची बाजू गुंतागुंतीची आहे. ‘रेडी स्टेडी गो!’च्या उरलेल्या भागांचे हक्क डेव्ह क्लार्क या ढोलवादकाने विकत घेतले. खाजगी प्रतींची देवघेव पूर्वीपासून पैशांऐवजी अदलाबदलीने होत आली आहे. तिने प्रताधिकाराचा प्रश्न सुटत नाही. २०११ पासून बीबीसी फोरने १९७६ पासूनचे ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे भाग क्रमाने दाखवण्यास सुरुवात केली, पण मृत्यूनंतर लैंगिक अत्याचारांचे आरोप उघड झालेल्या जिमी सॅव्हिलने निवेदन केलेले भाग २०१२ च्या उत्तरार्धापासून वगळले जातात आणि त्यांतील सादरीकरणांसाठी संग्राहक अजूनही जुन्या घरगुती टेपवर अवलंबून आहेत.