ड्रायव्हर पॅच : रिव्ह्यूला उत्तर देणं

ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरसाठी (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडसाठी) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला की मेंटेनर (तो भाग सांभाळणारा) आणि बाकीचे रिव्ह्यूअर शंका काढतात, त्यांना एकेक करून उत्तर देत सुधारलेला पॅच परत पाठवायची पद्धत. ही नोंद मुख्यतः लिनक्स कर्नलपुरती, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापुरती.

उगम कुठला धरायचा यावर एकमत नाही. बरेच जण आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या इन्स्पेक्शनपर्यंत (कोडची औपचारिक तपासणी) मागे जातात, पण तो सगळा कारभार मीटिंगभोवती फिरायचा. त्यापेक्षा लॅरी वॉल यांचा १९८५ चा पॅच प्रोग्राम जवळचा पूर्वज वाटतो, कारण अख्खी फाइल न पाठवता नुसता फरक मेलने पाठवायचा आणि समोरच्याने त्याच ओळींखाली लिहायचं हे त्याने सोपं झालं. अर्थात फरक काढणारा डिफ त्याच्याही आधीचा, सत्तरच्या दशकातला. लिनक्स १९९१ चं, कोडचा इतिहास ठेवणारं गिट २००५ चं. पॅचमध्ये आपलं नाव लिहायची साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ २००४ मध्ये आली, लिनक्समध्ये आपला कोड आहे असा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर, आणि ती कोड कुठून आला याची हमी आहे, पसंती नाही. पसंतीसाठी रिव्ह्यूड-बाय वेगळं, नवीन लोक हमखास घोळ घालतात.

नेहमी निघणारी एक शंका घ्या. प्रोबमध्ये (ड्रायव्हर हार्डवेअरला जोडला जाताना चालणारं फंक्शन) इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरकडून येणारा इशारा, डेवएम फंक्शनने (घेतलेली गोष्ट आपोआप सोडणाऱ्या) मागितला, हार्डवेअरचा क्लॉक मात्र हाताने चालू केला आणि रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) हातानेच बंद केला. डेवएमच्या गोष्टी रिमूव्ह संपल्यावर, घेतल्या त्याच्या उलट क्रमाने सुटतात, म्हणजे क्लॉक बंद आणि इंटरप्ट अजून जिवंत, हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) बंद पडलेल्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जाणार. इथे नुसतं "ओके, फिक्स करतो" पुरत नाही, क्लॉकही डेवएमवर नेला की इंटरप्ट हाताने सोडला ते सांगावं लागतं. सूचना पटली नाही तर कारण द्यायचं, गप्प बसून तोच कोड परत पाठवला की रिव्ह्यूअरचं डोकं फिरतं आणि ते बरोबरच आहे. उत्तर ज्या त्या ओळीखाली, सगळं वर एका ढिगात नाही. व्ही२ मध्ये (पॅचच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये) काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहायचं, गिटच्या इतिहासात ते जात नाही. आधी मिळालेलं रिव्ह्यूड-बाय पुढच्या व्हर्जनला जोडतात, पण कोड बराच बदलला असेल तर काढून टाकावं.

मुंबईत बसून हे करणाऱ्याला घड्याळ आडवं येतं. उन्हाळ्यात जर्मनीत सकाळचे नऊ म्हणजे इथे दुपारचे साडेबारा, ते ठीक, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे नऊ म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ, पवईच्या ऑफिसातून निघून माणूस तेव्हा लोकलमध्ये लटकलेला असतो. तिथून फोनवर उत्तर देण्यात अर्थ नाही, बरीच अ‍ॅप्स एचटीएमएल मेल पाठवतात आणि कर्नलचे मेल सर्व्हर तो घेत नाहीत. घरी जाऊन साध्या टेक्स्टमध्येच लिहावं, तेवढ्याने काही बिघडत नाही.

रिव्ह्यूअरकडून उत्तर आलं नाही तर आठवडाभर तरी थांबून आठवण करतात. दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवीन कोड मुख्य कर्नलमध्ये घेण्याचा काळ) चालू असेल तर आणखी थांबलेलं बरं.