अँगॉफ पद्धतीने पासिंग ठरवताना: समितीची पात्रता, कागदपत्रं आणि प्रस्ताव परत येण्याची कारणं

अँगॉफ पद्धत म्हणजे तज्ज्ञांच्या प्रश्ननिहाय अंदाजांवरून परीक्षेचं पासिंग ठरवणं. पण आधी आपल्या परीक्षेचा नियम वाचा. दहावीला विषयात ३५, टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षा) खुल्या गटासाठी ६० टक्के, एफएमजीईला (परदेशात एमबीबीएस केलेल्यांची परीक्षा) ३०० पैकी १५०: ही पासिंग नियमांतच ठरलेली आहेत, तज्ज्ञ बसवून ती हलत नाहीत. सीईटीनंतरच्या प्रवेशाचा 'कटऑफ' जागा आणि अर्जदारांवर ठरतो, त्याचाही इथे संबंध नाही. जिथे पासिंग ठरवायचा अधिकार तुमच्या परीक्षा मंडळाकडे आहे, तिथेच प्रस्ताव पाठवा. नाहीतर तो पहिल्याच टेबलावर थांबतो.

पद्धत सोपी आहे. काठावरच्या, म्हणजे जेमतेम पास होण्याजोग्या, १०० विद्यार्थ्यांपैकी किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील, हे प्रत्येक तज्ज्ञ प्रत्येक प्रश्नासमोर लिहितो. एका तज्ज्ञाच्या आकड्यांची बेरीज भागिले १०० म्हणजे, प्रश्न एकेका गुणाचे असतील तर, त्याच्या मते पासिंग. सगळ्यांची सरासरी ती समितीची.

समितीत सहसा आठ ते बारा जण घेतात. सध्या तो विषय शिकवणारे आणि कच्चे विद्यार्थी रोज पाहणारे हवेत. नुसते ज्येष्ठ विभागप्रमुख गोळा केले की 'हे तर आलंच पाहिजे' म्हणत प्रत्येक प्रश्नाला ९० पडतात. संख्या कमी केली की आकडा डळमळतो: तज्ज्ञांच्या पासिंगचं प्रमाण विचलन (आकडे एकमेकांपासून किती पसरलेत) ४ गुण असेल, तर दहा जणांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी (सरासरी किती हलू शकते) सुमारे १.३ येते, चौघांची २. पेपर काढणारे एक-दोन चालतील, बहुमत त्यांचं नको.

नावं, अनुभव, गोपनीयतेचं आणि हितसंबंध नसल्याचं पत्र, प्रशिक्षणाची नोंद हे बहुतेक जण जोडतात. अडतं दोन कागदांवर.

पहिला, काठावरच्या विद्यार्थ्याचं वर्णन. 'सामान्य बुद्धीचा विद्यार्थी' हे वर्णन नव्हे. 'शेकडेवारी काढतो, पण दोन पायऱ्यांचं उदाहरण आलं की दुसरी पायरी चुकतो' अशी पाच-सहा वाक्यं हवीत, समितीने मिळून लिहिलेली आणि आकडे भरण्याआधीच्या तारखेची. हे नसलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळाच विद्यार्थी असतो. दुसरा, पहिल्या फेरीचे, म्हणजे समितीच्या चर्चेआधी भरलेल्या आकड्यांचे, मूळ तक्ते. चर्चेनंतर त्याच एक्सेलवर नवे आकडे चढवले जातात आणि जुने कायमचे जातात. दोन्ही फेऱ्यांची प्रत्येकाची वेगळी, सही केलेली प्रत ठेवा. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे आकडे हुबेहूब सारखे दिसले, तर ती चर्चा नव्हे, अध्यक्षांची मर्जी. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

चार पर्याय आहेत, चुकीला गुण वजा होत नाहीत, तरी तज्ज्ञाने प्रश्नासमोर १० लिहिलंय? डोळे मिटून टिक केली तरी शंभरात पंचवीस बरोबर येतात. असे आकडे तज्ज्ञाला पुन्हा विचारा, परस्पर बदलू नका.

पासिंगचा ठराव करायची मुदत हमखास चुकीची वाचली जाते. 'निकालापूर्वी' म्हणजे निकालाच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. प्रश्ननिहाय किती टक्के उत्तरं बरोबर आली, ही माहिती पहिल्या फेरीनंतर समितीला देता येते. पण पासिंगच्या कोणत्या रेषेला किती पास होतात हे कार्यालयाने मोजून पाहिल्यावर झालेला ठराव कुणाचा विश्वास मिळवत नाही, मग आकडा कितीही प्रामाणिक असो.

प्रश्न रद्द झाले तर? समजा १०० प्रश्नांचं पासिंग ६१.४ ठरलं आणि तीन अवघड प्रश्न गेले, ज्यांच्या समितीच्या सरासऱ्या ३५, ४० आणि ३० होत्या. वजा करायचे १.०५. नवं पासिंग ९७ पैकी ६०.३५. बरेच जण सरळ ६१.४ टक्के लावून ५९.५६ काढतात. वर पूर्णांक करायचा नियम असेल तर एकीकडे ६१, दुसरीकडे ६०, आणि ६० गुणांवाल्याचा निकाल उलटतो. पूर्णांक वर करायचा की खाली, हेही ठरावातच लिहा. निकाल लागल्यावर ठरवलेलं अपिलात टिकवणं फार अवघड.