टाके, पू आणि आंबटाचं पथ्य

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा. पण ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला तिथे आपल्याच बागेतलं संत्रं मिळत नाही. "आंबट खाऊ नोको, टाके पिकतीन," असं घरातली म्हातारी ठासून सांगते. लिंबू, आवळा, कढी सगळं बंद. काही घरांत तर वरणही. ही भीती हवेतून आलेली नाही. एके काळी टाके पिकत आणि माणसं दगावत. फक्त कारण ताटात नव्हतं.

युरोपातले वैद्यही कित्येक शतकं जखमेतला घट्ट पू शुभलक्षण मानत. १८६७ मध्ये ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक वापरून जखमा पिकण्यापासून वाचवल्याचे अनुभव छापले, तेव्हा त्या समजुतीला तडा गेला. जंतू येतात ते हातांतून, हत्यारांतून, कापडातून. रक्तात साखर जास्त असेल तर त्यांचं आणखी फावतं.

आंबटाची गोष्ट मात्र नेमकी उलटी. ब्रिटिश नौदलाच्या जॉर्ज ॲन्सनच्या १७४० ते १७४४ च्या जगप्रदक्षिणेत स्कर्व्हीने, म्हणजे ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, खलाशांचा फडशा पाडला. त्या सफरीच्या वृत्तांतात एक चक्रावणारी नोंद आहे: एकाची पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली, केव्हाच भरलेली जखम पुन्हा उघडली, जुळलेलं हाडही सुटलं. १७४७ मध्ये जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड याने याच रोगाच्या १२ खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सावरले.

फळांतलं क जीवनसत्त्व ओळखू आलं ते १९३२ मध्ये. पुढे १९३९ मध्ये बॉस्टनचा तरुण सर्जन जॉन क्रँडन याने ते स्वतःच्याच आहारातून काढून टाकलं. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली वरून मिटली, आत जुळलीच नाही. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिल्यावर जुळली. म्हणजे चार दिवस संत्रं सोडल्याने कोणाचे टाके उसवत नाहीत, हेही तितकंच खरं.

कापलेल्या जागी शरीर कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणतं. त्यांचा पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागतं. हे धागे नंतरही झिजत, नव्याने विणले जात राहतात. म्हणून त्या खलाशाचा जुना व्रण उघडला. आणि पुरता भरलेला व्रणही मूळ कातडीच्या साधारण ८० टक्केच मजबूत होतो.

पोटाच्या ऑपरेशननंतरचे पहिले दिवस किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर खाण्याचं डॉक्टर सांगतील तसंच करावं. बाकी रोग्यांच्या बाबतीत आंबटापेक्षा वरण तोडणं जास्त नडतं. धागे विणायला प्रथिनं लागतात, आणि अंडी-मटण न खाणाऱ्या घरात ती मुख्यतः डाळीतूनच येतात.