आउटबोर्ड इंजिनाचे जड थ्रॉटल व गिअर नियंत्रण

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून बसवलेल्या इंजिनाचा वेग आणि गिअर बदलणारा दांडा नेहमीपेक्षा जड चालणे, मध्येच अडणे किंवा अडून एकदम सुटणे हा आउटबोर्ड इंजिनाचा नेहमीचा बिघाड आहे. बोट चालवणारे सरसकट ‘केबल जाम झाली’ म्हणतात. पण दर वेळी दोष केबलचाच असतो असे नाही, आणि दुरुस्तीचे पैसे बहुधा या गैरसमजातच वाया जातात.

चालकाच्या हाताशी कंट्रोल बॉक्स असतो. दांडा उभा असला की इंजिन न्यूट्रलमध्ये असते. तो पुढे ढकलला की आधी गिअर पडतो आणि आणखी ढकलला की रेस वाढते. मागे ओढला की हेच रिव्हर्समध्ये घडते. बॉक्समधून दोन केबल निघतात. एक थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची रेस ठरवणाऱ्या झडपेपर्यंत जाते, दुसरी गिअरच्या जोडदांड्यांपर्यंत. मोटारसायकलची क्लच केबल फक्त ओढते, परत आणायला स्प्रिंग असते. बोटीची केबल ओढते आणि ढकलतेही. त्यासाठी तिची आतली तार ताठ असते आणि प्लॅस्टिकच्या अस्तरातून ती जेमतेम फटीने सरकते. त्या फटीत गंज किंवा गाळ शिरला की हाताला जडपणा जाणवतो.

समुद्रकाठच्या बोटींत या बिघाडाचे पहिले कारण खारे पाणी. नागपूर परिसरात ते लागू नाही. रामटेकजवळचा खिंडसी तलाव असो की वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा जलाशय, पाणी गोडेच. इथे इंजिनाला नडते ते नुसते पडून राहणे. ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभ्या बोटीतले जुने ग्रीस मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात सुकून चिकट होते, वर धूळ बसते आणि पावसाळ्यात त्यात ओल शिरते. केबलचे बाहेरचे आवरण उन्हाने तडकते. उंदीर कुरतडतात ते वेगळेच. बचावकार्याच्या बोटींचे हाल आणखी वाईट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि शहराच्या रस्त्यांवर बोटी उतरवाव्या लागल्या. अशी वेळ क्वचित येते. उरलेले दिवस बोटीचे इंजिन गोदामात थांबलेले असते.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे: बॉक्स, केबल आणि इंजिन ही साखळी मधोमध तोडून पाहायची. आधी किल्ली बंद करावी, इंजिन बंद पाडणाऱ्या स्विचची दोरी काढावी आणि प्लगच्या वायरी सोडवाव्यात, कारण पुढे बोट ढकलणाऱ्या पंख्याला (प्रोपेलरला) हात लागणार असतो. मग इंजिनाचे झाकण उघडून दोन्ही केबलची टोके सोडवावीत आणि दांडा हलवून पाहावा. आता तो हलका चालला तर दोष इंजिनाच्या बाजूला. जडच राहिला तर बॉक्सकडचीही टोके काढून एकेक केबल हाताने सरकवून पाहावी. चांगली केबल दोन बोटांच्या चिमटीत सहज सरकते. केबलही मोकळी निघाली, तर उरतो बॉक्स. त्यात दांड्याचा घट्टपणा ठरवणारा एक स्क्रू असतो आणि तो कुणीतरी उगाच आवळून ठेवलेला असण्याची शक्यता आधी तपासावी. बॉक्स उघडायचा असेल तर उघडतानाच फोटो काढावेत. आतल्या स्प्रिंगा आणि गोळ्या एकदा सांडल्या की संध्याकाळ जाते.

केबल न सोडताही एक खूण कळते. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, इंजिन वर उचलून परत खाली करावे आणि प्रत्येक स्थितीत दांडा हलवून पाहावा. एकाच बाजूला जड लागत असेल तर केबल खराब नसून तिचा मार्ग चुकला आहे: कुठेतरी ताण, अति घट्ट पट्टी किंवा तीव्र वळण. वळणाची त्रिज्या साधारण २० सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी.

इंजिनाच्या बाजूला थ्रॉटल अडत असेल तर झडपेच्या आसावर साचलेली पेट्रोलची चिकटण आणि सुकलेले सांधे पाहावेत. साफ करून थोडे ग्रीस दिले की बहुतेक काम होते. गिअरचे प्रकरण जरा वेगळे. पाण्याखालच्या गिअरपेटीत पुढच्या आणि मागच्या गिअरच्या चाकांमध्ये एक दातेरी क्लच सरकते. इंजिन बंद असताना दाते दात्यांवर टेकले तर गिअर पडत नाही आणि दांडा जाम वाटतो. इथे जोर लावून चालत नाही, कारण जोडदांडी वाकते. दुसऱ्याने पंखा हळूच फिरवावा आणि त्याच वेळी दांडा ढकलावा, म्हणजे ‘टक’ असा आवाज येऊन गिअर बसतो. चालू इंजिनाचा गिअर टाकायला सोपा पण काढायला जड असेल तर न्यूट्रलची रेस जास्त ठेवली आहे का किंवा केबलची जुळणी बिघडली आहे का ते पाहावे. भार असलेले दाते सहज सुटत नाहीत. गिअरपेटीचे तेल दुधाळ निघाले तर आत पाणी शिरले आहे, मग दांड्याचे दुखणे दुय्यम ठरते.

जड केबलच्या तोंडातून तेल सोडण्याची सवय दुचाकीच्या गॅरेजातून आली आहे. बोटीच्या केबलला ती सहसा मानवत नाही. तेल टोकाशीच राहते, खनिज तेलाने काही अस्तरे फुगतात आणि चार दिवस बरे वाटून केबल पुन्हा अडते. अशी केबल काढून पाहिली की मागच्या फळीजवळच्या पट्टीखाली आवरणाला नखाएवढी चीर दिसते. ती वाकवली की आतून तांबूस पाणी ठिपकते. तिला दुरुस्ती नाही, बदलावीच लागते. लांबी बऱ्याचदा आवरणावरच छापलेली असते. दोन्ही केबल एकाच वयाच्या असतात, म्हणून सोबतच बदललेल्या बऱ्या. एकीसाठी पुन्हा सगळे उघडणे परवडत नाही.

नवी केबल न्यूट्रलमध्ये जुळवतात. दांडा उभा असताना पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरावा आणि पुढच्या गिअरमध्ये निदान एका दिशेला तरी अडावा. त्यानंतर पंखा काढून इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभे करतात, पाण्याची पातळी थंडाव्याचे पाणी खेचणाऱ्या जाळीच्या बरीच वर ठेवतात आणि न्यूट्रलच्या रेसवर गिअर दोन्ही बाजूंना टाकून पाहतात. उन्हाळ्यात पाण्याची बोंब असली तरी कोरडे इंजिन चालवू नये. पाण्याचा पंप काही क्षणांतच जळतो.