उसाची एफआरपी आणि जिनिव्हातील खोळंबलेले अपील : एका वादाची पार्श्वभूमी

सांगली-सातारा पट्ट्यात गाळप हंगाम तोंडावर आला की पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्याचा, प्रश्न पेटतो आणि एकरकमी एफआरपीसाठी (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या बंधनकारक रास्त व किफायतशीर दरासाठी) वाहने अडवली जातात. या भांडणात कारखानदार, शेतकरी संघटना आणि सरकार असे तीनच पक्ष दिसतात. मात्र हीच एफआरपी जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्धच्या एका खटल्याचा मुख्य मुद्दा ठरली असून त्या खटल्याचे अपील आजही लोंबकळत पडले आहे.

1947 साली जिनिव्हात ज्या 23 देशांनी ‘गॅट’ या जकात व व्यापारविषयक करारावर सह्या केल्या, त्यांत भारत होता. शेतीमाल या कराराच्या शिस्तीत जवळजवळ आलाच नव्हता. तो आणण्याचे काम 1986 साली सुरू झालेल्या वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीने केले. गॅटचे तत्कालीन महासंचालक आर्थर डंकेल यांनी 1991 च्या डिसेंबरमध्ये मांडलेला मसुदा महाराष्ट्रात ‘डंकेल प्रस्ताव’ म्हणून गावोगावच्या सभांत गाजला. देशातील बहुतेक शेतकरी नेते त्याला विरोध करत असताना, मूळचे साताऱ्यात जन्मलेले आणि स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून शेतकरी संघटना उभारणारे शरद जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले. सरकार निर्यातबंदी आणि लेव्ही (ठरावीक कमी भावाने सक्तीची सरकारी खरेदी) लादून शेतमालाचे भाव पाडते, म्हणजे भारतीय शेतकऱ्याला उणे अनुदान मिळते, ही त्यांची मांडणी होती. गंमत अशी की, करारासाठी केंद्र सरकारने स्वतः सादर केलेल्या हिशेबातही शेतीला मिळणारा आधार उणेच निघाला होता.

15 एप्रिल 1994 रोजी माराकेश येथे करारावर सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 1995 पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. शेतीविषयक करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत आधार देण्याची मुभा मिळाली. तो मोजण्याची पद्धत अशी ठरली की, सरकारने ठरवलेला भाव 1986 ते 1988 या काळातील स्थिर संदर्भ किमतीशी ताडून पाहायचा. रुपयाची घसरण आणि महागाई यांमुळे दोन भावांतील फरक वर्षागणिक कागदावर फुगत जाणार, हे उघड होते. या तरतुदीची किंमत आपल्याला फार उशिरा कळली.

साखरेच्या बाबतीत ती कळली 2018 नंतर. 2017-18 च्या हंगामात साखरेचे विक्रमी उत्पादन झाले, भाव कोसळले आणि शेतकऱ्यांची देणी थकली. केंद्राने 2018 च्या जूनमध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला 29 रुपये ठरवला आणि पुढे तो 31 रुपये केला. निर्यातीसाठी कारखान्यांना कोटे वाटून दिले आणि 2019-20 मध्ये 60 लाख टनांच्या निर्यातीवर टनामागे 10,448 रुपयांचे साहाय्य जाहीर केले. हे साहाय्य वाहतूक आणि विपणन खर्चासाठी असल्याचे सरकार सांगत होते, कारण तशा खर्चापुरती सवलत विकसनशील देशांना 2023 अखेरपर्यंत उपलब्ध होती. तत्पूर्वीच, 2019 मध्ये, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रारी दाखल केल्या होत्या.

एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, मग ते सरकारी अनुदान कसे, हा भारताचा बचाव होता. कऱ्हाड किंवा वाळव्याच्या ऊस उत्पादकालाही तो तत्काळ पटेल. परंतु भाव कायद्याने बंधनकारक असेल तर पैसे कोणाच्या तिजोरीतून जातात हे गौण ठरते, असे तक्रार निवारण पॅनेलने मानले. 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत भारताने 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडली आणि निर्यात साहाय्यही नियमबाह्य होते, असा निकाल 2021 च्या डिसेंबरमध्ये लागला.

भारताने 2022 च्या जानेवारीत अपील केले, परंतु ते ऐकायला कोणीच नव्हते. जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळावर सात सदस्य असतात आणि प्रत्येक अपिलासाठी तिघांची गरज असते. नेमणुका सर्वसंमतीने होत असल्याने अमेरिकेने त्या अडवून धरल्या आणि 2019 च्या डिसेंबरपासून मंडळ ठप्प झाले. काही देशांनी आपसांत पर्यायी लवादाची व्यवस्था केली, भारत तिच्यात सामील झाला नाही. अपील प्रलंबित असेपर्यंत पॅनेलचा निकाल लागू होत नाही. एकीकडे अपिलीय मंडळ पूर्ववत करण्याची मागणी भारत सातत्याने करतो, दुसरीकडे ते बंद असल्याने साखरेच्या प्रकरणात त्याची सुटका झाली आहे. या विसंगतीबद्दल दिल्लीला दोष देण्यात अर्थ नाही, पण कारखान्यांनी या सुटकेला कायमचे संरक्षण समजू नये. नियमांचा धाक उरला नाही की काय होते, हे अमेरिकेने 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरील आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले तेव्हा दिसलेच.

दरम्यान भारताचा कल द्विपक्षीय करारांकडे वळला. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ‘आरसेप’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून माघार घेतल्यावर संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्याशी स्वतंत्र करार झाले.

साखरेची कोंडी मात्र अशा करारांवर अवलंबून नाही. 2021-22 मध्ये निर्यात साहाय्याविना सुमारे 110 लाख टन साखर परदेशी गेली, कारण जागतिक भाव चांगले होते. त्याच हंगामात, 1 जून 2022 पासून, केंद्राने निर्यात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे ती सरकारी परवानगीवर अवलंबून ठेवली. 2023-24 मध्ये कोटा दिलाच नाही आणि 2025 च्या जानेवारीत केवळ 10 लाख टनांना परवानगी दिली. हा कोटा देशभरातील कारखान्यांत वाटला जातो. बंदरापासून दूर असलेले उत्तर प्रदेशातील कारखाने आपला वाटा महाराष्ट्रातील कारखान्यांना देऊन त्याबदल्यात देशांतर्गत विक्रीचा कोटा घेतात आणि या अदलाबदलीत त्यांना मिळणाऱ्या अधिमूल्याचा (वरच्या रकमेचा) भार अखेर इथल्या साखरेच्या हिशेबातच धरला जातो.